सपाट किनारा, उंच दिवा

इ.स. ११८३ च्या वसंतात इब्न जुबैर नावाचा एक चिटणीस अलेक्झांड्रियाला उतरला. तो ग्रॅनाडाच्या सुभेदाराच्या पदरी होता आणि हजला निघाला होता. त्या शहरात त्याला सगळ्यात जास्त भारावून टाकलं ते तिथल्या दीपगृहानं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात उभारलेला तो मनोरा तोवर जवळजवळ दीड हजार वर्षांचा झाला होता आणि भूकंपांचे धक्के खाऊनही उभा होता. इब्न जुबैरनं त्याच्या एका बाजूची लांबी स्वतः मोजली, आत चढून गेला, माथ्यावरच्या मशिदीत नमाज पढला आणि हे सगळं आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. मग नाईलमार्गे दक्षिणेला जाऊन, वाळवंट तुडवून तो ऐधाब बंदरात पोचला आणि तिथून एका लहान जहाजानं तांबडा समुद्र ओलांडून जेद्दाला आला. जगातलं सर्वांत उंच दीपगृह नुकतंच पाहून आलेल्या या माणसाला जेद्दाच्या किनाऱ्यावर जाणवलं ते वेगळंच. इथे जहाजं वाचवत होती ती तांडेलांची नजर आणि त्यांचा हात. खडपांमधल्या चिंचोळ्या वाटांतून ते जहाज असं काढत, जणू लगामाच्या हलक्या इशाऱ्यानं वळणाऱ्या घोड्यावर बसलेला कसबी स्वार.

अलेक्झांड्रियाचं दीपगृह चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी कोसळलं. आज जगातलं सर्वांत उंच दीपगृह म्हणून ज्याची नोंद होते, ते सौदी अरेबियात, त्याच जेद्दाच्या बंदराच्या तोंडाशी आहे. १९९० साली पूर्ण झालेला हा काँक्रीट आणि पोलादाचा मनोरा १३३ मीटर उंच आहे. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं ईल व्हिएर्ज हे दगडी दीपगृहांमधलं सर्वांत उंच, तेही ८२.५ मीटरांचं. मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडे समुद्रातल्या खडकावर १८७५ पासून उभं असलेलं प्राँग्ज सुमारे ४१ मीटरांचं आहे. अशी तीन प्राँग्ज एकावर एक ठेवली तरी जेद्दाच्या मनोऱ्याला थोडी कमीच पडतील.

एवढी उंची कशासाठी? तेलाच्या पैशानं बांधलेली हौस, असं उत्तर झटकन सुचतं आणि मला ते अपुरं वाटतं. हा मनोरा समजून घ्यायचा तर आधी त्याच्या पायाशी असलेला किनारा समजून घ्यावा लागतो, आणि तो किनारा आपल्या कोकणाच्या अगदी उलट आहे.

कोकणातली दीपगृहं आठवून पाहा. रत्नागिरीचं दीपगृह १८६७ सालचं, रत्नदुर्गाच्या डोंगरावर. खांदेरीचं दीपगृहही त्याच वर्षीचं, ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडवली, त्या बेटाच्या उंचवट्यावर. गोव्याचं आग्वाद किल्ल्यावर. आपल्याकडे सह्याद्रीचे फाटे समुद्रापर्यंत येऊन कड्यांनी संपतात, त्यामुळे उंची निसर्गानंच दिलेली असते. बांधणाऱ्यानं कड्यावर आखूड मनोरा उभा केला की काम भागतं. जेद्दाला असा कडा नाही. डोंगर आहेत, पण ते आत, सपाट पट्टीच्या पलीकडे. तिहामा नावाची ही पट्टी समुद्राला मिळते ती जवळपास पाण्याच्याच पातळीवर. लांबून येणाऱ्या जहाजाला इथे किनारा दिसतच नाही. दिसायला लागतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

पृथ्वी गोल आहे, आणि म्हणून दिवा कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजाआड गेला की संपला. दिवा किती लांबून दिसेल याचा हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला सुमारे ३.८६ नं गुणायचं, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हवेतून जाताना प्रकाश किंचित वाकतो, तेही या आकड्यात धरलेलं आहे. नऊ मीटरांवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून साडेअकरा किलोमीटरांवर दिसेनासा होतो. प्राँग्जसारख्या ४१ मीटरांवरचा सुमारे २५ किलोमीटरांवर. १३३ मीटरांचं उत्तर येतं साधारण ४४ किलोमीटर, म्हणजे २४ सागरी मैल. जेद्दाच्या दिव्याचा पल्ला २५ सागरी मैल सांगितला जातो, त्यामागचं गणित हे. बघणारा जहाजाच्या उंच ब्रिजवर उभा असेल तर त्याच्या उंचीचं अंतर यात आणखी मिळवायचं. मग दिवा क्षितिजाआडून आणखी आधी वर येतो, आणि तो दिसेल की नाही हे त्याच्या प्रखरतेवर आणि त्या रात्रीच्या हवेवर ठरतं.

यात एक कठोर अट दडलेली आहे. अंतर दुप्पट करायचं तर उंची चौपट करावी लागते. त्यामुळे सपाट किनाऱ्यावर मनोरा थोडासा वाढवून फारसं काही हाती लागत नाही. जिथे डोंगर नाही आणि जहाजाला दीड तास आधी सावध करणं भाग आहे, तिथे माणसालाच डोंगर बांधावा लागतो. ताशी १५ सागरी मैलांच्या वेगानं येणाऱ्या जहाजाला २४ मैल कापायला साधारण एवढाच वेळ लागतो. हा दीड तास कशासाठी हवा, याचं उत्तर पाण्याखाली आहे.

तांबडा समुद्र सुमारे २,२५० किलोमीटर लांब आहे आणि त्याला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. नदी नाही म्हणून गाळ नाही, गाळ नाही म्हणून पाणी काचेसारखं नितळ, आणि नितळ पाण्यात ऊन खोलवर पोचतं. प्रवाळाला हेच हवं असतं. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर जगतं आणि त्याला अन्न पुरवतं. हजारो वर्षं एकावर एक सांगाडे रचत प्रवाळानं या समुद्राच्या दोन्ही काठांना भिंती बांधल्या आहेत. कोकणात उलट परिस्थिती. पावसाळ्यात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या लाल माती घेऊन येतात, समुद्र महिनोन्‌महिने गढूळ राहतो, म्हणून आपल्या किनाऱ्यालगत प्रवाळ थोडं, मालवणच्या आसपास वगैरे. मोठं प्रवाळी पठार म्हणावं असा भाग लागतो तो विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, जिथे नद्यांचा गाळ पोचत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. पण त्या पठाराचा माथाही पाण्याखाली वीसेक मीटर खोल आहे, तिथून जहाजं सहज जातात. जेद्दासमोरची खडपं पाण्याच्या पृष्ठभागापासून हातभर खाली असतात.

ती इतकी घातकी का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. शिडांच्या काळापासून दर्यावर्दी किनारा जवळ आल्याचं एका साध्या उपायानं ओळखत. दोरीला शिशाचं वजन बांधून ते तळाला सोडायचं, खोली मोजायची. कोकणात तळ हळूहळू वर येतो. तीस वाव, वीस वाव, दहा वाव, असं मोजत रात्रीच्या अंधारातही तांडेल किनाऱ्याचा अंदाज घेतो. वजनाच्या बुडाला लावलेल्या चरबीला चिकटून आलेली रेती की चिखल, हे पाहूनही तो कुठे आहोत ते ताडतो. तांबड्या समुद्रात हा उपाय फसतो. प्रवाळाची भिंत शेकडो मीटर खोलीतून जवळपास उभी वर येते. आत्ता दोरी तळाला टेकत नाही, आणि पुढच्या काही मिनिटांत जहाजाचं पोट खडपावर असतं. लाट फुटली तर पांढरा फेस दिसतो, पण वारा पडलेल्या सकाळी समुद्र सपाट असतो, फेस नसतो, काहीच खूण नसते.

उरते ती पाण्याची रंगछटा. खोल पाणी गडद निळं, खडपावरचं पाणी फिकट हिरवं किंवा तपकिरी. पण हा रंग वाचायला सूर्य डोक्यावर आणि पाठीमागे हवा. समोरून तिरपं ऊन आलं की पाणी नुसतं चकाकतं, आतलं काही दिसत नाही. म्हणून या किनाऱ्यानं चालणाऱ्या जहाजांचा दिनक्रम ठरून गेलेला असे. ऊन चांगलं वर आल्यावर नांगर उचलायचा, डोलकाठीवर एक माणूस चढवायचा, आणि दुपार कलायच्या आत खडपांच्या आडोशाची एखादी सुरक्षित जागा गाठून रात्रभर मुक्काम करायचा. इथल्या किनाऱ्यात ‘शर्म’ म्हणवल्या जाणाऱ्या अरुंद, खोल खाड्या आहेत. कोरड्या ओढ्यांच्या तोंडाशी त्या सापडतात आणि तिथे खडपांच्या रांगेला खिंडार असतं. रात्री चालायचंच असेल तर किनारा सोडून मधल्या खोल पाण्यात जावं लागे.

हे शहाणपण किती जुनं आहे हे पाहिलं की मी थक्क होतो. ‘पेरिप्लस’ नावाचं इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं एक व्यापारी मार्गदर्शक आहे. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही, पण तो इजिप्तकडून हिंदुस्थानाकडे जाणारा समुद्रमार्ग जाणणारा व्यापारी असावा. अरबस्तानचा हा किनारा बंदरांवाचूनचा, खडकाळ आणि सर्व बाजूंनी भीतीदायक आहे, असं तो सांगतो. जहाजं इथे काठाला लागत नाहीत, समुद्राच्या मध्यातून शक्य तितक्या लवकर ‘जळक्या बेटा’पर्यंत जातात, असंही. याच पुस्तकात पुढे आपला किनारा येतो. कल्याण येतं, आणि ज्याला चौल समजतात ते सेमुल्ला येतं. म्हणजे चौलच्या बंदरात माल उतरवणाऱ्या माणसानं वाटेत हा किनारा मुद्दाम टाळलेला असायचा.

ते जळकं बेट म्हणजे बहुधा येमेनसमोरचा जबल अत-तैर हा ज्वालामुखी. २००७ च्या ३० सप्टेंबरला त्याचा पुन्हा उद्रेक झाला आणि बेटावर तैनात असलेल्या येमेनी सैनिकांपैकी काहींचा जीव गेला. या बेटावरही दीपगृह आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

इब्न जुबैर ज्या जहाजातून आला, ते खिळ्यांवाचून बांधलेलं होतं. फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. नारळाच्या सोडणाचा तो काथ्या आणि लाकूड हिंदुस्थान आणि येमेनमधून येतं, असं त्यानं नोंदवलं आहे. खडपावर आपटलं तर खिळ्यांचं जहाज फुटतं, शिवलेलं जहाज थोडं लवतं, असं या शिवणीचं एक कारण सांगितलं जातं. कारण कुठलंही असो, जेद्दाच्या खडपांना तोंड देणाऱ्या त्या जहाजांच्या अंगात आपल्या पश्चिम किनाऱ्यासारख्याच कुठल्यातरी नारळांच्या बागा होत्या, हे खरं.

या समुद्राचे वाटाडे घराण्यांनी तयार होत. पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला. त्याचे वडीलही तांबड्या समुद्राचे वाटाडे होते आणि त्यांनी तिथल्या नौकानयनावर हजारांहून अधिक ओळींचं पद्य रचलं होतं. पाठ करायला सोपं जावं म्हणून पद्य, कारण डोलकाठीवर चढलेल्या माणसाच्या हाती पोथी नसते. इब्न माजिदनं १४९० च्या सुमारास आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ताऱ्यांची उंची बोटांच्या मापानं मोजण्याची रीत आहे, मोसमी वाऱ्यांच्या तारखा आहेत, आणि तांबड्या समुद्राला एक अख्खं प्रकरण दिलेलं आहे. मला तो ग्रंथ दीपगृहाच्या जातीचाच वाटतो. ज्या किनाऱ्यावर दिवा नव्हता तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण दिव्याचं काम करत होती.

बाहेरून आलेल्यांना ही आठवण नव्हती, म्हणून त्यांना नकाशा हवा होता. १५४१ मध्ये गोव्याहून निघालेला पोर्तुगीज काफिला सुएझपर्यंत गेला. त्यात जुआंव द कास्त्रू होता, पुढे हाच पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य कारभारी झाला. त्यानं वाटेतल्या नांगरवाड्यांची टिपणं आणि चित्रं काढली, ती मुख्यतः आफ्रिकेच्या बाजूची. १७६२ मध्ये कार्स्टन नीबूर हा जर्मन मोजणीदार डेन्मार्कच्या राजाच्या मोहिमेतून सुएझहून जेद्दाला आला, तिथून येमेनला गेला आणि पुढच्या वर्षी मुंबईत पोचला. त्याच्या मोहिमेतले बाकीचे सगळे एकामागोमाग मेले. तांबड्या समुद्राचा त्यानं केलेला नकाशा पुढे कित्येक वर्षं वापरात होता.

पण खडपन्‌खडप मोजायचं काम झालं ते मुंबईहून. १८२९ ते १८३४ या काळात बॉम्बे मरीनच्या, म्हणजे १८३० नंतर ज्याला इंडियन नेव्ही म्हणू लागले त्या आरमाराच्या, दोन जहाजांनी हा समुद्र पिंजून काढला. ‘पॅलिन्युरस’वर रॉबर्ट मोर्सबी, ‘बेनारस’वर थॉमस एल्वन. बेटांवर निशाणं उभारून कोन मोजायचे, होड्या सोडून ओळीनं खोली घ्यायची, स्थानिक वाटाड्याला विचारून खडपाचं नाव लिहायचं. तापमान सहन होत नाही, पाणी मिळत नाही, आणि ज्या खडपाची नोंद करायची त्याच्यावरच जहाज बसण्याचा धोका रोजचा. त्यांचे नकाशे आणि १८४१ मध्ये छापलेलं मार्गदर्शक नंतरच्या जहाजांच्या हाती आलं. जेद्दाच्या किनाऱ्याबद्दल लिहिताना बहुधा तेलाचं आणि राजघराण्याचं बोललं जातं. मला वाटतं, या पाच वर्षांच्या मोजणीला त्यात जागा मिळायला हवी.

या मोजणीची घाई कशाची होती तेही सांगतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची वाफेवरची बोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि एडन, मोखा, जेद्दा करत २२ एप्रिलला सुएझला पोचली. कोळसा इतका लागणार होता की उतारूंच्या खोल्यांतही तो भरला होता. वाटेतल्या प्रत्येक बंदरात पुन्हा कोळसा भरायचा. जेद्दा हे त्यातलं एक ठाणं. वाफेच्या बोटीला वाऱ्याची वाट पाहायची नसते, आणि टपाल वेळेवर पोचवायचं तर रात्री थांबूनही चालत नाही. तांबड्या समुद्राचा जुना दिनक्रम इथे मोडला. दिवसा चालणारा, रात्री नांगर टाकणारा समुद्र आता रात्रीही ओलांडायचा होता. दीपगृहाची गरज या क्षणापासून सुरू होते.

पहिले दिवे वर उत्तरेला, इजिप्तच्या बाजूला, १८६० च्या दशकात लागले. तरी १३ सप्टेंबर १८६९ च्या पहाटे ‘कर्नाटिक’ ही सुएझहून मुंबईला निघालेली आगबोट सुएझच्या आखाताच्या तोंडाशी अबू नुहासच्या खडपावर चढली. तिच्यात मुंबईसाठी ४०,००० पौंडांचं सोनं होतं. कप्तानाला वाटलं, दुसरं जहाज येतंच आहे, म्हणून त्यानं उतारूंना जहाजावरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी जहाज दुभंगलं आणि ३१ माणसं मेली. दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबरला, सुएझचा कालवा खुला झाला आणि या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांची संख्या वाढतच गेली.

दक्षिणेकडचे दिवे लावले ऑटोमन साम्राज्यानं, पण स्वतःच्या हातानं नाही. कोलास आणि मिशेल या फ्रेंच कंपनीला त्यांनी मक्ता दिला. दिवे कंपनीनं बांधायचे आणि चालवायचे, जहाजांकडून शुल्क घ्यायचं, त्यातला वाटा सरकारला द्यायचा. १९०३ च्या सुमारास मोखा, अबू ऐल, सेंटर पीक आणि जबल अत-तैर अशा चार ठिकाणी दिवे उभे राहिले. मग पहिलं महायुद्ध झालं, ऑटोमन साम्राज्य गेलं, आणि १९२३ च्या लोझान तहात तुर्कस्ताननं यांतल्या बेटांवरचा हक्क सोडला. पण बेटं कुणाला मिळणार हे तहात ठरलंच नाही. बेटाला मालक नाही, आणि दिवा मात्र रोज रात्री लावायचा आहे, अशी विलक्षण परिस्थिती उभी राहिली. आधी फ्रेंच कंपनी, नंतर ब्रिटिश सरकार तो लावत राहिलं. २० फेब्रुवारी १९६२ ला लंडनमध्ये अनेक देशांनी करार करून अबू ऐल आणि जबल अत-तैरच्या दिव्यांचा खर्च आपापसांत वाटून घेतला. शेवटी इरिट्रिया आणि येमेन यांच्यातल्या वादात ९ ऑक्टोबर १९९८ ला लवादानं ही बेटं येमेनला दिली. त्या निकालपत्रात दीपगृहांची चर्चा पानंच्या पानं चालते, आणि दिवा सांभाळला म्हणून बेट मालकीचं होत नाही असा निष्कर्ष निघतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात दीपगृहाला इतकं मानाचं आणि इतकं अलिप्त स्थान मिळालेलं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

जेद्दा मात्र विसाव्या शतकात बराच काळ जुन्याच रीतीनं चाललं. शहरासमोर किनाऱ्याला समांतर खडपांच्या एकामागोमाग रांगा आहेत आणि त्यांच्यातून वाकडातिकडा मार्ग. मोठी जहाजं लांब बाहेर नांगर टाकत आणि माणसं, माल, गुरंढोरं ‘संबूक’ नावाच्या होड्यांतून काठाला येत. मुंबईहून हजला गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान घरांतल्या किती पिढ्यांनी जेद्दा प्रथम पाहिलं ते असं समुद्राकडून. मुंबईच्या मोगल लाइनच्या बोटी हे यात्रेकरू नेत आणि हा समुद्रमार्ग १९९५ पर्यंत चालू होता. म्हणजे शेवटची काही वर्षं या यात्रेकरूंच्या बोटी नव्या मनोऱ्याच्या दिव्याखालून बंदरात शिरल्या.

मनोरा उभा राहण्यामागे एक मोठी कोंडी होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, सौदी अरेबियानं रस्ते, शहरं, कारखाने एकदम काढले, आणि सिमेंटपासून मोटारींपर्यंत सगळं समुद्रातून येऊ लागलं. १९७५-७६ मध्ये जेद्दासमोर जहाजं महिनोन्‌महिने रांगेत ताटकळत. सिमेंटच्या गोण्या काही काळ हेलिकॉप्टरनं उतरवल्या गेल्या. १९७६ मध्ये बंदरांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं, नवे धक्के बांधले गेले, खडपांमधली वाट खोल करून तिला खुणा लावल्या गेल्या. रोज एवढी जहाजं खडपांच्या चिंचोळ्या दारातून आत-बाहेर करायची तर कुणीतरी वर बसून सगळ्यांवर नजर ठेवायला हवी. म्हणून जेद्दाचा मनोरा दीपगृह आहे आणि बंदराचं नियंत्रण केंद्रही आहे. माथ्यावरच्या गोलसर भागात माणसं बसतात. आधी सांगितलेलं वर्गमूळ दोन्ही दिशांना लागू पडतं. जहाजाला जितक्या लांबून दिवा दिसतो, दिव्यापाशी बसलेल्यालाही तितक्याच लांबचं दिसतं.

ज्या प्रवाळानं जहाजं फोडली, त्याच प्रवाळानं जेद्दा शहर बांधलं, हे जुन्या जेद्दात हिंडताना विसरता येत नाही. अल-बलद या भागातली चार-पाच मजली घरं प्रवाळी दगडाची आहेत. हा दगड किनाऱ्यालगतच्या खाजणातून काढत. तो हलका, सच्छिद्र आणि खारट हवेत झिजणारा, म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या घालून वजन सावरत. दर्शनी बाजूला कोरीव लाकडी सज्जे, त्यांना ‘रोशन’ म्हणतात, आणि त्यासाठीचं सागवान समुद्रापलीकडून येई, हिंदुस्थानातूनही. १८८१ मध्ये बांधून झालेलं नसीफ घर सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या दाराशी असलेलं झाड बराच काळ त्या शहरातलं एकमेव झाड होतं. ते आहे कडुनिंबाचं. १९२५ च्या डिसेंबरात जेद्दा ताब्यात आल्यावर राजे अब्दुलअझीझ याच घरात उतरले होते. युनेस्कोनं २०१४ मध्ये हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला.

उपग्रहावरून जागा कळते, मग दीपगृह कशाला, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. मे २०२५ मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे मोठं कंटेनर जहाज जेद्दाजवळच्या खडपावर चढून बसलं. या भागात उपग्रहाच्या संकेतांमध्ये जाणूनबुजून अडथळे आणले जात होते, आणि जहाजाला आपली जागा चुकीची कळली असावी असा निष्कर्ष जहाजवाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी काढला. संकेत बिघडवला की पडद्यावरचं जहाज नकाशात भलत्याच ठिकाणी दिसायला लागतं, आणि पडद्याकडेच पाहणाऱ्याला ते कळत नाही. दिव्याचं तसं नाही. त्याची दिशा होकायंत्रानं घ्यायची, दुसऱ्या एखाद्या खुणेची दिशा घ्यायची, दोन रेषा नकाशावर ओढायच्या, जिथे त्या छेदतात तिथे आपण. मोर्सबीनं बेटांवर निशाणं लावून हेच केलं होतं. म्हणून मी तरी या मनोऱ्याला प्रदर्शनातली वस्तू मानायला तयार नाही.

उमराहला किंवा नोकरीच्या निमित्तानं जेद्दाला जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. आपल्याकडे काही दीपगृहांवर तिकीट काढून चढता येतं, तसं इथे नाही. मनोरा चालत्या बंदराच्या आत, बाहेरच्या धक्क्याच्या टोकाला, प्रवेशमार्गाच्या उत्तरेला आहे आणि तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही. तो पाहायचा लांबूनच, आणि सर्वांत चांगला समुद्रातून. रात्री मागे शहराचे, क्रेनचे, हॉटेलांचे हजार दिवे असतात, त्यात तो शोधायचा असेल तर रंगावर किंवा प्रखरतेवर जाऊ नये. प्रत्येक दीपगृहाला आपला ठरलेला ठेका असतो आणि तो नकाशावर छापलेला असतो, म्हणूनच एका दिव्याची दुसऱ्याशी गल्लत होत नाही. जेद्दाचा ठेका आहे वीस सेकंदांत तीन पांढरे झोत. घड्याळाकडे पाहत मोजावं. तीन झोत, मग अंधार, आणि पहिल्या झोतापासून वीस सेकंदांनी पुन्हा तीन, असं सलग दोनदा जुळलं की तोच तो.